धुमसता डोंगर आणि सुटीचे तिकीट

देवगाव फाटा हे परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील ठिकाण. फाटा म्हटला, की मराठवाड्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे रस्ता दुभंगण्याची जागा, कडेची चहाची हॉटेले आणि एसटीची वाट पाहणारी माणसे उभी राहतात. भोवतालची जमीन काळीभोर, कापसा-तुरीची. या भागात विहीर खणणाऱ्याला काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मुरमाखाली काळा पाषाण लागतो, कोठे भोकाभोकांचा मांजऱ्या खडक लागतो आणि क्वचित दोन थरांच्या मध्ये गेरूसारखा तांबडा पट्टाही आढळतो. हे सारे थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला शिलारस होय. एक थर पसरला, थंड झाला, त्याचा पृष्ठभाग झिजून माती झाली आणि मग त्यावर दुसरा थर येऊन पसरला. मधला तांबडा पट्टा ही त्या विश्रांतीची खूण. दख्खनच्या या लाव्ह्याने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांचा प्रदेश व्यापलेला आहे आणि महाराष्ट्राचा फार मोठा भाग त्यात येतो. मराठवाड्यातला शेतकरी आपल्या जमिनीला काळी आई म्हणतो, पण ही आई अग्नीच्या पोटी जन्मली, याची आठवण भूगोलाच्या तासापलीकडे सहसा निघत नाही.

विझलेल्या अग्नीवर पिढ्यान् पिढ्या जगत आलेला हा समाज अलीकडच्या काळात सुटीसाठी जिवंत अग्नीच्या बेटांवर जाऊ लागला आहे. इंडोनेशियातील बाली बेट हे त्याचे ठळक उदाहरण. एके काळी महाबळेश्वर आणि माथेरान यांच्यापुढे न जाणारी मध्यमवर्गीयांची सहल आता विमानात बसून विषुववृत्त ओलांडते. बालीला जाणाऱ्या परदेशी प्रवाशांत २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल भारतीयांचा क्रमांक होता. त्यांत नवविवाहित जोडपी होती, तशीच वर्षानुवर्षे पतसंस्थेत पैसे साठवून निघालेली शिक्षकांची आणि कारकुनांची कुटुंबेही होती. सेलूच्या स्थानकावर तपोवन एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची, तेथून विमानाने पुढे जायचे, हा मार्ग आता स्वप्नातला राहिलेला नाही.

अशा कुटुंबाची अडचण नेमकी कोठे सुरू होते, हे पाहण्याजोगे आहे. तिकिटे चार-सहा महिने आधी काढलेली असतात. मुख्याध्यापकांकडून किंवा साहेबांकडून रजा मंजूर झालेली असते. सहल कंपनीकडे आगाऊ रक्कम भरलेली असते. आणि निघायच्या आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी येते, की त्या बेटावरचा डोंगर धुमसू लागला असून सरकारने धोक्याचा इशारा दिला आहे. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘काही होत नाही, असे इशारे नेहमीच येतात.’ दुसरा म्हणतो, ‘पैसे गेले तरी चालतील, पण जायचे नाही.’ पहिल्याला आपण धीट वाटतो, दुसऱ्याला आपण शहाणा. वस्तुतः इशाऱ्यात काय लिहिले आहे, हे दोघांनीही बहुधा वाचलेले नसते.

इशारा कशाचा?

ज्वालामुखीचा इशारा हे भविष्यकथन नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. भूकंप केव्हा होईल, हे सांगण्याचे साधन आजही माणसाच्या हाती नाही. ज्वालामुखीचे तसे नाही. खोलवरचा शिलारस वर सरकू लागला, की खडकांना तडे जातात आणि लहान-लहान धक्क्यांची मालिका सुरू होते. डोंगराचा उतार किंचित फुगतो आणि ही फूग मापकांना कळते. वायूंचे प्रमाण बदलते. ही लक्षणे दिसली, की निरीक्षक इशाऱ्याची पायरी चढवतात. लक्षणे दिसूनही उद्रेक होईलच असे नाही, कारण वर चढलेला शिलारस वाटेतच थबकून थिजूही शकतो. वैद्य जसा नाडी पाहून रुग्णाला जपायला सांगतो, तसाच हा प्रकार. रुग्ण बरा झाला म्हणून वैद्याला खोटा म्हणण्याचे कारण नसते.

इंडोनेशियात सव्वाशेहून अधिक जागृत ज्वालामुखी आहेत. १९१९ साली जावा बेटावरील केलुत ज्वालामुखीने सुमारे पाच हजार बळी घेतल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १९२० मध्ये, तेथे ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी यंत्रणा स्थापन झाली. तिच्या आजच्या वारस संस्थेने इशाऱ्याच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली पायरी नित्याची, दुसरी सावध राहण्याची, तिसरी सज्ज राहण्याची आणि चौथी सर्वांत गंभीर. प्रत्येक वेळी पायरीबरोबर आणखी एक आकडा दिला जातो आणि प्रवाशाच्या दृष्टीने खरे महत्त्व त्यालाच आहे. डोंगराच्या मुखापासून किती किलोमीटरांच्या आत कोणी जाऊ नये, तो हा आकडा. ‘बालीत चौथ्या पायरीचा इशारा’ एवढेच वाचणारा माणूस साऱ्या बेटाला आग लागल्याचे समजतो. ‘मुखापासून बारा किलोमीटरांपर्यंत मज्जाव’ हे पुढचे वाक्य वाचणाऱ्याला आपला मुक्काम कोठे आहे, हे नकाशावर तपासण्याची बुद्धी होते.

एकादश रुद्र आणि आगुंग

बालीतील सर्वांत उंच डोंगर आगुंग. सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या या डोंगराच्या उतारावर बेसाकी हे बालीतील हिंदूंचे सर्वांत मोठे देवस्थान आहे. तेथे शंभर वर्षांतून एकदा करावयाच्या एका महाविधीचे नाव मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. त्याला ‘एकादश रुद्र’ म्हणतात. १९६३ साली हा विधी योजला गेला आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आगुंग जागा झाला. डोंगर धुमसत असतानाच मार्चमध्ये विधी पार पडला आणि त्यानंतर काही दिवसांतच, १७ मार्च रोजी, प्रचंड उद्रेक झाला. तप्त राख आणि वायूंचे लोट उतारावरून गावांत शिरले आणि त्यानंतर चिखलाचे लोंढे आले. हजारावर माणसे मृत्युमुखी पडली. बेसाकीच्या मुख्य मंदिराजवळून लोट निघून गेले आणि मंदिर वाचले. त्यात श्रद्धाळूंनी ईश्वरी संकेत पाहिला. उतारावरच्या गावांच्या वाट्याला मात्र तसे सुदैव आले नाही.

या आठवणीच्या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०१७ मध्ये आगुंगखाली पुन्हा धक्के सुरू झाले. दिवसाला शेकड्यांनी धक्क्यांची नोंद होऊ लागली. २२ सप्टेंबरला इशारा चौथ्या पायरीवर गेला. मुखापासून नऊ आणि काही दिशांना बारा किलोमीटरांचा पट्टा रिकामा करण्यात आला. लाखाहून अधिक लोक घरे सोडून समाजमंदिरांत, शाळांत आणि तंबूंत राहायला गेले. गुरेढोरे हलवावी लागली, शेती मागे राहिली. आठवडे लोटले, पण डोंगर फुटला नाही. २९ ऑक्टोबरला इशारा एका पायरीने खाली आला. आणि मग २१ नोव्हेंबरला उद्रेक सुरू झाला. राखेचे स्तंभ उंच गेले, २७ नोव्हेंबरला पुन्हा चौथी पायरी जाहीर झाली आणि त्याच दिवशी विमानतळ बंद करण्यात आला. तो २९ तारखेच्या दुपारी उघडला. तोपर्यंत हजारो प्रवासी अडकून पडले होते आणि त्यांत भारतीयही होते. भारताच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी अडकलेल्यांना धीर दिला आणि बालीतील भारतीय वाणिज्य दूतावासाचे अधिकारी मदतीला लागले.

या उद्रेकात एकही माणूस डोंगराच्या आगीत सापडला नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १९६३ मध्ये हजारावर बळी, २०१७ मध्ये एकही नाही. २०१७ चा उद्रेक सौम्य होता, हे खरे. तथापि पट्टा आधीच रिकामा झालेला होता, हेही तितकेच खरे. ज्या प्रवाशाची दोन दिवसांची सुटी बुडाली, त्याने आपली गैरसोय मोजताना दोन महिने तंबूत काढलेल्या शेतकऱ्याची गैरसोयही त्याच तराजूत टाकून पाहिली पाहिजे. प्रवाशाने गमावली ती सुटी. शेतकऱ्याने गमावला तो हंगाम.

आकाशातला दुसरा इशारा

आगुंगपासून बालीचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर दूर आहे. कूटा, नुसा दुआ ही पर्यटकांची ठिकाणे त्याच दक्षिण टोकाला आहेत. तेथे लाव्हा पोहोचत नाही. मग विमानतळ का बंद होतो? याचे उत्तर राखेत आहे आणि ते जगाला कळले, त्या घटनेचा मुंबईशी ओझरता संबंध आहे. लंडनहून मुंबई, मद्रास आणि क्वालालंपूरमार्गे ऑस्ट्रेलियाकडे निघालेले ब्रिटिश एअरवेजचे एक विमान २४ जून १९८२ च्या रात्री जावाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले. चारही इंजिने बंद पडली. वैमानिकाने विमान तरंगत खाली आणले, राखेतून बाहेर पडल्यावर इंजिने पुन्हा चालू झाली आणि विमान जकार्तात उतरले. राखेने घासून समोरची काच इतकी धूसर झाली होती, की धावपट्टी धड दिसत नव्हती. विमानातील सर्वजण वाचले.

ज्वालामुखीची राख चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती खडकाची आणि काचेची भुकटी असते. इंजिनाच्या उष्णतेत ती वितळते आणि आतल्या भागांवर चिकटून बसते. म्हणूनच त्यानंतरच्या वर्षांत राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रे जगभर उभी राहिली. इंडोनेशियाच्या आकाशाची जबाबदारी ऑस्ट्रेलियातील डार्विन केंद्राकडे आहे. विमानांसाठी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे रंगांचे इशारे असतात. जमिनीवरच्या पायऱ्या वेगळ्या आणि आकाशातले हे रंग वेगळे. प्रवाशाने ते दोन्ही पाहावेत.

ही राख हद्द जुमानत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बालीची विमाने रद्द झाली, ती बालीतल्या डोंगरामुळे नव्हेत. फ्लोरेस बेटावरील लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी सुमारे ८०० किलोमीटर दूर उसळला होता. भारतातून बालीला जाणारी-येणारी उड्डाणेही त्यात रद्द झाली. जून २०२५ मध्ये याच डोंगराच्या उद्रेकामुळे दिल्लीहून बालीला निघालेले एअर इंडियाचे एक विमान वाटेतून दिल्लीला परतले. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला इथिओपियातील हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. ज्ञात इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती. त्याची राख तांबडा समुद्र आणि अरबस्तान ओलांडून भारताच्या आकाशात आली आणि येथील काही विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली. ‘आपल्याकडे कोठे आले ज्वालामुखी?’ असे म्हणून या विषयाकडे पाठ फिरवण्याची सोय त्या दिवशी संपली.

आणि भारताचा स्वतःचा ज्वालामुखीही आहेच. अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या म्हणजे आताच्या श्री विजयपुरमच्या ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरांवर बॅरन बेट आहे. तो देशातील एकमेव जागृत ज्वालामुखी होय. सेल्युलर तुरुंगाच्या दर्शनासाठी अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या मोठी आहे. सावरकरांना १९११ मध्ये तेथे नेले, तेव्हा बॅरन बेट शांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून झोपलेला तो डोंगर १९९१ मध्ये जागा झाला आणि २००५ नंतर तर वारंवार धुमसत राहिला. सप्टेंबर २०२५ मध्येही त्याचे किरकोळ उद्रेक झाले. बेटावर मनुष्यवस्ती नाही, म्हणून त्याचा गाजावाजा होत नाही, एवढेच.

खोटा ठरलेला इशारा आणि न ऐकलेला इशारा

इशाऱ्यावर विश्वास ठेवावा, असे म्हणणे सोपे आहे. पण इशारा फुकट गेला, तर? हा आक्षेप पोकळ नाही. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर १९७६ साली सुमारे ७२ हजार लोकांना अनेक महिने घराबाहेर काढण्यात आले. वाफेचे काही स्फोट झाले, पण महाउद्रेक झालाच नाही. शास्त्रज्ञांत जाहीर भांडणे झाली आणि लोकांच्या मनात इशाऱ्याविषयी चीड राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रीसच्या सांतोरिनी या पर्यटकप्रिय ज्वालामुखी बेटावर धक्क्यांची मालिका सुरू झाली. शाळा बंद झाल्या, ११ हजारांहून अधिक लोक बेट सोडून गेले आणि पुढे धक्के ओसरले. दुकानदाराने आणि खाणावळवाल्याने अशा वेळी हात चोळत बसावे लागले, तर त्याचा राग समजण्यासारखा आहे.

परंतु दुसरी बाजूही इतिहासानेच लिहून ठेवली आहे. ग्वादलूपच्या शेजारच्याच मार्तिनिक बेटावर १९०२ साली पेले डोंगर आठवड्यांपासून राख टाकत होता. निवडणुकीचे दिवस होते. तेथील वर्तमानपत्राने लोकांना धीर दिला आणि भीतीचे कारण नसल्याचा निर्वाळा दिला. ८ मे रोजी सकाळी तप्त वायूचा लोट उतरला आणि सेंट पिअर हे शहर काही मिनिटांत नष्ट झाले. सुमारे २८ हजार माणसे गेली. वर्तमानपत्राच्या पानावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग स्मरणात ठेवावा, असा आहे. याउलट फिलिपाइन्समध्ये १९९१ साली पिनातुबोचा इशारा वेळेवर दिला गेला आणि मानला गेला, म्हणून हजारो प्राण वाचले.

पर्यटकाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण न्यूझीलंडजवळच्या व्हाकारी बेटाचे. हे बेट म्हणजेच ज्वालामुखीचे मुख. सहल कंपन्या प्रवाशांना थेट त्या मुखात फिरवून आणीत. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी इशारा पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेला. पाचांपैकी दुसरी पायरी म्हणजे काही फार नव्हे, असे समजून सहली चालू राहिल्या. ९ डिसेंबरला स्फोट झाला, तेव्हा बेटावर ४७ माणसे होती. त्यांतील २२ दगावली आणि बाकीच्यांपैकी अनेक जण भाजून जन्माचे जायबंदी झाले. पुढे खटले चालले. पायरीचा आकडा लहान असला तरी अंतर शून्य होते, हा त्या दुर्घटनेचा धडा. बालीत २०१७ मध्ये पायरी चौथी होती, पण साठ किलोमीटर दूर असलेल्याच्या जिवाला धोका नव्हता. व्हाकारीत पायरी दुसरीच होती, पण माणसे मुखात उभी होती.

किल्लारीची आठवण

मराठवाड्याला या सगळ्यासाठी परदेशी दाखले शोधण्याची गरज खरे पाहता नाही. १९९२ साली किल्लारी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक घाबरले, रात्री घराबाहेर झोपू लागले, दाद मागू लागले. मग धक्के कमी झाले. माणूस भीतीलाही कंटाळतो. लोक पुन्हा दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत निजू लागले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे त्याच भिंतींखाली गेली.

किल्लारीला कोणी शास्त्रीय इशारा दिला नव्हता आणि भूकंपाच्या बाबतीत तसा तो देताही आला नसता. म्हणूनच जेथे तो देता येतो, तेथे त्याचे मोल मराठवाड्याच्या माणसाला इतरांहून अधिक कळले पाहिजे. ज्या भूमीत इशाऱ्याविना हजारोंना मृत्यूने गाठले, तेथील माणसाने बालीतल्या इशाऱ्याला ‘नेहमीचेच’ म्हणून हसावे, हे शोभणारे नाही. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-परभणी-नांदेड परिसराला धक्के बसले, तेव्हा लोक घराबाहेर धावले. ती भीती जशी खरी होती, तशीच आगुंगच्या उतारावरच्या माणसाचीही असते.

मग जावे की न जावे?

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. परंतु उत्तर शोधण्याची रीत एकच आहे. डोंगर फुटेल की नाही, हा प्रश्न प्रवाशाने स्वतःला विचारून उपयोग नाही. तो प्रश्न निरीक्षकांचा आहे आणि त्यांनाही त्याचे निश्चित उत्तर ठाऊक नसते. प्रवाशाने विचारायचा प्रश्न असा : डोंगर फुटलाच, तर माझा भार कोणावर पडेल?

पहिली गोष्ट अंतराची. मुक्काम आणि फिरण्याची ठिकाणे मनाई असलेल्या पट्ट्याबाहेर आहेत काय, हे नकाशा समोर घेऊन पाहावे. पट्ट्याच्या आत जाऊन छायाचित्र काढण्याचा मोह हा धीटपणा नव्हे. त्या माणसाला बाहेर काढायला दुसऱ्याच्या मुलाला आत जावे लागते.

दुसरी गोष्ट दिवसांची. विमान दोन-तीन दिवस उडाले नाही, तर चालेल काय? सोमवारी शाळेत हजर व्हायचे आहे, मुलाची परीक्षा आहे, आजीचे रक्तदाबाचे औषध मोजून सातच दिवसांचे घेतले आहे, अशा कुटुंबाने इशारा वर चढलेला असताना निघू नये. ज्याच्याजवळ चार दिवसांची रजा शिल्लक आहे, औषधे पुरेशी आहेत आणि जादा मुक्कामाचा खर्च सोसेल, त्याने पट्ट्याबाहेर राहून जरूर जावे. अशा काळात येणारा समंजस पाहुणा त्या बेटाला हवाच असतो. बालीचे पोट पाहुण्यांवर चालते आणि सबंध बेट ओस पाडणे हा इशाऱ्याचा हेतू कधीच नसतो. दम्याच्या रुग्णाने मात्र राखेच्या वाऱ्यापासून दूर राहणेच बरे.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि कारकुनाच्या-शिक्षकाच्या घरात तिचे वजन सर्वांत जास्त. बहुतेक प्रवास विमापत्रांत एक अट असते. संकट जाहीर झाल्यानंतर विमा उतरवला, तर त्या संकटाची भरपाई मिळत नाही. म्हणून विमा तिकिटाबरोबरच उतरवावा, बातमी आल्यावर धावून नव्हे. विमान कंपनीने उड्डाण रद्द केले, तर तिकिटाची रक्कम परत मिळण्याचा किंवा दुसऱ्या विमानात जागा मिळण्याचा हक्क प्रवाशाला आहे. निसर्गाच्या कोपामुळे झालेल्या खोळंब्याची वेगळी नुकसानभरपाई मात्र मागता येत नाही. आणि प्रवाशाने भीतीपोटी स्वतःच बेत रद्द केला, तर काय परत मिळेल, हे करारातल्या बारीक अक्षरांवर ठरते. ती अक्षरे पैसे भरण्यापूर्वी वाचायची असतात.

येथे सहल कंपन्यांचे कर्तव्यही सांगितले पाहिजे. रंगीत पत्रकात समुद्रकिनारा आणि मंदिर छापणाऱ्याने त्याच पत्रकात, मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरांत, तीन ओळी छापाव्यात. बेटावर जागृत ज्वालामुखी आहे काय, इशारा कोणत्या पायरीला चढला तर सहल पुढे ढकलली जाईल आणि अशा वेळी ग्राहकाला किती रक्कम परत मिळेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क दिलेला आहे. धोक्याची माहिती हा त्या हक्काचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानायला हवा. बेटावर पोहोचल्यावर भारतीय दूतावासाकडे आपले नाव आणि मुक्कामाचा पत्ता नोंदवण्याची सवयही कंपन्यांनीच ग्राहकांना लावावी. २०१७ मध्ये मदत करायला निघालेल्या अधिकाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न आपली माणसे आहेत कोठे, हाच असणार.

शाळांचीही यात एक वाटणी आहे. भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचा छेद असतो, मुख असते, शंकू असतो. विद्यार्थी त्याची आकृती काढतो, नावे देतो आणि गुण मिळवतो. त्या आकृतीखाली एक वर्तुळ काढून त्याला ‘मनाई असलेला पट्टा’ असे नाव द्यायला कोणी सांगत नाही. देवगाव फाट्याच्या परिसरातील शाळेला तर या धड्यासाठी गावाबाहेरची विहीर पुरेशी आहे. तिच्या कडेचे थर दाखवून शिक्षक सांगू शकतो, की एका उद्रेकानंतर पृथ्वी किती काळ शांत राहू शकते आणि तेवढ्या शांततेनंतरही दुसरा थर कसा येतो. ज्याने हा तांबडा पट्टा नीट पाहिला, तो मोठेपणी एखाद्या बेटाच्या तिकिटाशेजारी इशाऱ्याची बातमी ठेवून दोन्ही शांतपणे वाचू शकेल.